सहा जणींची फेरी: एकमेकींसाठी ठेवलेल्या पार्ट्यांचा हिशेब

हे प्रकरण सहा बायकांचं आहे आणि त्या सहांतली एक मी. सगळ्या डायरेक्ट सेलिंगमधल्या, म्हणजे कंपनीचा माल दुकानाशिवाय थेट ओळखीत विकणाऱ्या, पण प्रत्येकीची कंपनी वेगळी. एकीकडे सुगंधी मेणबत्त्या, दुसरीकडे हवाबंद डबे, तिसरीकडे इमिटेशनचे दागिने, चौथीकडे चेहऱ्याची प्रसाधनं, पाचवीकडे घरसफाईची द्रावणं आणि माझ्याकडे लहान मुलांची पुस्तकं. नावं देत नाही. आपापसांतही आम्ही मालावरूनच एकमेकींना ओळखायचो, तेच इथे चालवते: मेणबत्तीवाली, डबेवाली, दागिनेवाली, प्रसाधनवाली, सफाईवाली.

आमची ओळख एका प्रदर्शनात झाली. टेबलं शेजारी शेजारी होती, गिऱ्हाईक बेताचं, त्यामुळे बोलायला वेळ भरपूर. बोलता बोलता कळलं की सगळ्यांचं दुखणं एकच आहे. सुरुवातीच्या मालाचं किट घेताना टीम लीडरने, म्हणजे कंपनीतल्या आपल्या वरच्या बाईने, प्रत्येकीला ओळखीच्या माणसांची यादी करायला लावली होती. त्या यादीतल्या बहिणी, जावा, शेजारणी, जुन्या मैत्रिणी, सगळ्यांकडे एकेक पार्टी, म्हणजे घरी बायका जमवून माल दाखवायची आणि विकायची बैठक, होऊन गेली होती. आता फोन केला की समोरून "अगं, मागच्या वेळचंच अजून संपलं नाही" असं ऐकू यायचं. यादी संपली होती आणि टार्गेट मात्र दर महिन्याला नव्याने यायचं.

तोडगा डबेवालीने सुचवला. "तू माझी पार्टी ठेव, मी हिची ठेवते. तुझ्या ओळखीच्या बायका मला नव्या, माझ्या ओळखीच्या हिला नव्या." ऐकताक्षणी सगळ्यांना पटलं. मला आजही वाटतं की या मूळ कल्पनेत खोट नव्हती. पुढे जे बिघडलं ते कशामुळे बिघडलं हे नीट कळावं म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे, कारण अशा फेऱ्या सुरू करणाऱ्या बायका मला सतत भेटतात आणि त्या नेमक्या आमच्याच वाटेने चाललेल्या असतात.

फेरी कशी ठरली

चिठ्ठ्या टाकल्या. मेणबत्तीवालीची पार्टी माझ्याकडे, माझी डबेवालीकडे, डबेवालीची दागिनेवालीकडे, दागिनेवालीची सफाईवालीकडे, सफाईवालीची प्रसाधनवालीकडे आणि प्रसाधनवालीची मेणबत्तीवालीकडे. म्हणजे प्रत्येकीने एकदा होस्टेस व्हायचं, आपल्या घरी पार्टी ठेवायची, आणि एकदा विकायचं. दर दोन आठवड्यांनी एक पार्टी, तीन महिन्यांत फेरी पूर्ण. होस्टेसने आपल्या ओळखीच्या बायका बोलवायच्या आणि बाकीच्या चौघींनीही यायचं. हे शेवटचं वाक्य कुणी ठरवून घातलं नव्हतं. ते आपोआपच आलं, कारण "तू येणार ना गं?" असं विचारल्यावर नाही म्हणणं कुणालाच जमलं नाही.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पार्टीत एकूण जी विक्री होते तिच्यावर विकणारीला कमिशन मिळतं आणि होस्टेसला त्या विक्रीच्या काही टक्क्यांचा माल फुकट मिळतो. त्याला आम्ही होस्टेस गिफ्ट म्हणतो. बहुतेक ठिकाणी एक रेषा असते. विक्री तिच्या वर गेली की गिफ्ट मोठं, खाली राहिली तर किरकोळ काहीतरी. शिवाय विकणारीलाही 'अ‍ॅक्टिव्ह' राहायला ठरावीक मुदतीत ठरावीक विक्री दाखवावी लागते. ती दाखवली नाही तर कमिशनचा दर उतरतो नाहीतर खातंच बंद होतं.

हिशेबाला सोपं पडावं म्हणून पुढचे सगळे आकडे मी प्रमाणात देते. गिफ्टची रेषा १०००, कमिशन २५ टक्के, होस्टेस गिफ्ट १० टक्के असं धरलं आहे. प्रत्यक्षात कुणाचं कमिशन २० होतं, कुणाचं ३०, पण त्याने चित्र बदलत नाही.

सहा महिने सगळं ठीक दिसत होतं

पहिल्या फेरीत पार्टीमागे सरासरी १००० ची विक्री झाली. दुसऱ्या फेरीतही १००० चीच. कमिशन प्रत्येकीला दोन्ही वेळा २५०. प्रत्येकीच्या टीम लीडरने कौतुक केलं. आम्ही खूश होतो, आणि मनापासून खूश होतो हे सांगायला हवं. त्या संध्याकाळी छान जायच्या. आपला धंदा समजणाऱ्या बायकांबरोबर बसून बोलायला मिळणं ही या कामात दुर्मीळ गोष्ट आहे, कारण घरच्यांना हा 'टाइमपास' वाटतो आणि टीम लीडरसमोर अडचण सांगितली की ती भाषण देते.

मला पहिली शंका आली ती दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या पार्टीत. दागिन्यांची पार्टी, सफाईवालीच्या घरी. बाहेरच्या तीनच बायका आल्या होत्या, त्याही लवकर उठल्या. मागे राहिलो आम्ही सहा जणी. दागिनेवालीने ऑर्डर फॉर्मांची बेरीज केली, ८६०. ती काही बोलली नाही. सफाईवालीच म्हणाली, "अजून एकशे चाळीसच कमी पडतायत." मग चार पेनं एकदम उघडली. मी माझा फॉर्म पुढे ओढला आणि एकूण रकमेच्या चौकोनात आधी ४० लिहिलं. त्यानंतर कॅटलॉग उघडून ४० ला काय मिळतंय ते शोधायला लागले. तिसऱ्या पानावर मोत्यांचे टॉप्स सापडले. मी कानात मोती घालत नाही. तरी वर त्यांचा नंबर लिहिला आणि फॉर्म परत सरकवला.

ते टॉप्स अजून त्यांच्या पुठ्ठ्यावरच लावलेले माझ्या कपाटात आहेत. आकडा आधी आणि वस्तू नंतर, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं आणि मग मागचं सगळं आठवायला लागलं. मेणबत्त्यांच्या पार्टीत मी स्वतः होस्टेस होते तेव्हा रेषा गाठायला याच बायकांनी माझ्यासाठी हेच केलं होतं, आणि मी त्यांचे आभार मानले होते.

फुटलं ते दुसऱ्याच कारणावरून

पैशाचा विषय मात्र कुणी काढला नाही. भांडण झालं ते पाहुण्यांवरून. डब्यांच्या पार्टीला दागिनेवालीच्या घरी तिची मावसबहीण आली होती. प्रसाधनवाली त्या दिवशी नुसती पाहुणी होती, पण तिच्या पर्समध्ये सॅंपलच्या पुड्या कायम असायच्या. तिने मावसबहिणीला दोन पुड्या दिल्या, नंबर घेतला, दुसऱ्या दिवशी मेसेज केला आणि महिन्याभरात तिला आपल्या टीममध्ये घेतलं.

दागिनेवालीला हे फार लागलं. "माझ्या घरी आलेली माझी माणसं आहेत ती. तुला पार्टी डब्यांची बघायला बोलवलं होतं." प्रसाधनवालीचं म्हणणं, "मी जबरदस्ती केली का? तिने विचारलं, मी सांगितलं." डबेवाली तिसऱ्याच कारणाने रागावली होती. तिची पार्टी चालू असताना कोपऱ्यात क्रीमची चर्चा रंगली होती आणि तिच्या ऑर्डरी कमी आल्या होत्या. तिघींचंही आपापल्या जागी बरोबर होतं असं माझं मत आहे. चूक ही की हे आधी बोललेलंच नव्हतं. पार्टीला आलेल्या बाईचा नंबर कुणाचा? होस्टेसचा की विकणारीचा? की कॅटलॉग घेऊन खोलीत बसलेल्या प्रत्येकीचा? सहा विक्रेत्या एका खोलीत असतील तर हा प्रश्न येणारच.

ते मिटवायला म्हणून आम्ही एकत्र बसलो. त्या बैठकीत मी सगळ्यांना विनंती केली की दोन्ही फेऱ्यांच्या ऑर्डरींच्या स्लिपा मला द्या. मला एकच बघायचं होतं: प्रत्येक ऑर्डर आमच्यापैकी कुणाची आणि बाहेरच्या बाईची कोणती.

वहीत काय निघालं

पहिल्या फेरीत १००० पैकी ६०० बाहेरच्या बायकांचे आणि ४०० आमचे. दुसऱ्या फेरीत बाहेरचे ३०० आणि आमचे ७००. बेरीज तीच, आतला भाग उलटा. म्हणून तर सहा महिने कुणाला काही जाणवलं नाही. टीम लीडरला दिसते ती बेरीज, आणि आम्हीही तेवढीच बघत होतो.

बाहेरचा भाग का घटला ते उघड आहे. पहिल्या फेरीत प्रत्येकीने आपल्या यादीतली उरलेली, दूरची नावं बोलावली होती. दुसऱ्या फेरीत त्याच बायकांना तीन महिन्यांत दुसऱ्यांदा बोलवायची वेळ आली. माल वेगळा असला तरी खर्च करणारी पर्स एकच असते. आणि बाहेरून जेवढं कमी आलं तेवढं रेषा गाठायला आम्ही आतून भरलं.

आता एका बाईचा हिशेब. दोन फेऱ्यांत कमिशन ५००. पण इतरांच्या पार्ट्यांत तिने केलेली खरेदी पहिल्या फेरीत ४०० आणि दुसऱ्या फेरीत ७००, मिळून ११००. म्हणजे रोखीत ६०० गेले. होस्टेस गिफ्टचे २०० मालाच्या रूपात आले, तो माल अर्थातच ज्या कंपनीची पार्टी ठेवली तिचा. पाहुण्यांचं खाणंपिणं, कॅटलॉग, सॅंपल यांचा खर्च यात धरलेलाच नाही.

मेणबत्तीवालीने इथे हरकत घेतली आणि ती विचार करण्यासारखी होती. "६०० गेले काय म्हणतेस? ११०० चा माल घरात आला ना?" खरं आहे. म्हणून मी हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला. बाहेरच्या बायकांनी दोन फेऱ्यांत प्रत्येकीमागे ९०० ची खरेदी केली, त्यावरचं कमिशन २२५. ही खरी कमाई. उरलेलं २७५ कमिशन आमच्याच खरेदीवरचं, म्हणजे ११०० च्या मालावर आम्ही एकमेकींना दिलेली २५ टक्के सूट. तेव्हा चित्र असं की प्रत्येकीने २२५ कमावले आणि सवलतीत ८२५ ची खरेदी केली. खरेदी हवी होती तर यात काहीच वाईट नाही. मग मी प्रत्येकीला आपल्या ११०० च्या यादीवर खुणा करायला सांगितल्या: जिथे पार्टीचं बंधन नसतं तरी ही वस्तू घेतली असती, तिथे खूण. सहाही याद्यांत खुणा झालेल्या वस्तू ४०० च्या आसपास होत्या.

खुणा करताना खोलीत कुणी बोलत नव्हतं. डबेवालीने एकदा केलेली खूण खोडली.

आम्ही जर पाळीपाळीने एकमेकींना नुसती रक्कम दिली असती, तर फेरी संपताना सगळ्या बरोबरीत असत्या. इथे मात्र दर वेळी त्यातला मोठा भाग सहा कंपन्यांकडे जात होता आणि उरलेला आम्ही कमिशन म्हणून मोजत होतो.

होस्टेस कशासाठी असते

या टप्प्यावर मला या पद्धतीच्या मुळाशी जावंसं वाटलं. घरगुती पार्टीतून विक्री ही कल्पना अमेरिकेत १९३० च्या दशकात रुजली. १९३१ साली सुरू झालेल्या स्टॅनले होम प्रॉडक्ट्सच्या विक्रेत्या ती वापरत. पुढे टपरवेअरच्या पार्ट्यांचं काम सांभाळलेल्या ब्राउनी वाइज आणि प्रसाधनांची कंपनी काढलेल्या मेरी के अ‍ॅश दोघीही तिथे शिकल्या. टपरवेअरचे डबे दुकानात नीट खपत नव्हते, कारण झाकण दाबून हवा कशी काढायची हे कुणी करून दाखवल्याशिवाय कळत नसे. १९५१ मध्ये कंपनीने माल दुकानांतून काढून घेतला, फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायला सुरुवात केली आणि ते काम वाइज यांच्याकडे दिलं. १९५४ साली 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या त्या पहिल्या महिला. चार वर्षांनी, १९५८ मध्ये, कंपनीने त्यांना दूर केलं. मेरी के अ‍ॅश यांनी स्वतःची कंपनी १९६३ मध्ये काढली.

या सगळ्या पद्धतीत दोन बायका वेगळ्या आहेत. एक माल जाणते, करून दाखवते, कमिशन घेते. दुसरी माणसं जाणते, घराचं दार उघडते, गिफ्ट घेते. होस्टेसला मोबदला मिळतो तो विकणारीला जिथे पोचता आलं नसतं तिथे पोचवल्याचा. आमच्या पहिल्या फेरीत हे काम होत होतं. दुसऱ्या फेरीत दार उघडं होतं, पण आत येणारी माणसं आम्हीच होतो. तरीही गिफ्ट मात्र पहिल्याइतकंच मिळत होतं, म्हणून फरक दिसला नाही.

पाहुणी का विकत घेते यावरही अभ्यास झालेला आहे. जोनाथन फ्रेन्झेन आणि हॅरी डेव्हिस या दोघांनी १९९० मध्ये घरगुती पार्ट्यांतल्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. खरेदी होण्याची शक्यता दोन गोष्टींनी वाढते असं त्यांना दिसलं: होस्टेसशी असलेलं नातं किती जवळचं आहे, आणि पाहुणीच्या मनात होस्टेसचं आधीचं काही देणं आहे का. आमच्या गटात ही दुसरी गोष्ट शिगेला पोचली होती. प्रत्येक जण प्रत्येकीचं देणं लागत होती. मी मेणबत्त्या घेतल्या म्हणून तिने पुस्तकं घेतली, तिने घेतली म्हणून पुढच्या वेळी मी जास्त घेतल्या. तिला मुलंबाळं नाहीत. माझी पुस्तकं तिने घेतली तेव्हाच मला हे खटकायला हवं होतं.

माल सारखा नसतो

एक गोष्ट मला आधी कधी सुचली नव्हती. रक्कम सारखी फिरली तरी माल सारखा फिरत नाही. सफाईचं द्रावण महिन्या दोन महिन्यांत संपतं. ज्या बाहेरच्या बाईने एकदा घेतलं ती पुन्हा मागते, आणि तेव्हा पार्टीही लागत नाही. क्रीमचं तसंच. डबा मात्र वर्षानुवर्षं टिकतो, तेच त्याचं वैशिष्ट्य सांगून डबेवाली तो विकते. एका घराला किती डबे लागतात? पुस्तकांना मुलाच्या वयाची मर्यादा. दागिने आवडीवर, मेणबत्त्या हौसेवर.

म्हणून एकाच फेरीतून सहा जणींना सहा वेगळी फळं मिळाली. सफाईवालीला पार्ट्यांतल्या बाहेरच्या बायकांकडून मधल्या काळात परत परत ऑर्डरी येत होत्या, त्या वहीत नव्हत्याच. तिला फेरी फायद्याची ठरली. डबेवालीला दर वेळी नवी घरंच लागायची, आणि ती मिळेनाशी झाली. दागिनेवाली दोन्ही फेऱ्यांत शेवटी होती. तिची पाळी येईपर्यंत पाच पार्ट्या होऊन गेलेल्या असायच्या आणि पाहुण्यांच्या आणि आमच्याही पर्स रिकाम्या. तिने मात्र पाच ठिकाणी आधीच खरेदी केलेली. दुसऱ्या फेरीला क्रम उलटा लावायला हवा होता. इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणालाही सुचली नाही याचं मला वाईट वाटतं.

बाहेरच्या कायद्याचा आरसा

आमची फेरी बेकायदा नव्हती. कुणी कुणाच्या खाली नव्हतं, भरतीवर पैसे मिळत नव्हते. तरीही या क्षेत्रातल्या दोन निर्णयांतली कसोटी मी आमच्या वहीला लावून पाहिली. अमेरिकेत व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने १९७९ मध्ये अ‍ॅमवे या डायरेक्ट सेलिंग कंपनीचा निकाल देताना कंपनीच्या ज्या नियमांना महत्त्व दिलं त्यांत हे होते: विक्रेत्याने घेतलेल्या मालातला किमान ७० टक्के माल विकलेला असावा, महिन्याला किमान १० किरकोळ ग्राहक दाखवावेत आणि न खपलेला माल परत घेतला जावा. २०१६ मध्ये हर्बालाइफ या अशाच कंपनीबरोबर झालेल्या समझोत्यात अट अशी की विक्रेत्यांना मिळणाऱ्या मोबदल्याचा किमान दोन तृतीयांश भाग नोंद असलेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला हवा. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या मालाचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जायला नको.

दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: माल शेवटी कुणाच्या घरात जातो? आमच्या वहीत आतल्या खरेदीचा वाटा पहिल्या फेरीत ४० टक्के आणि दुसऱ्या फेरीत ७० टक्के होता. कुठल्याही कंपनीने हे विचारलं नसतं, कारण प्रत्येक कंपनीच्या नजरेला पाचही जणी बाहेरच्याच ग्राहक होत्या. सहा वह्या एकत्र ठेवल्या तरच ते दिसतं.

तिसरी फेरी

बंद करायचं की नाही यावर दोन बैठका गेल्या. शेवटी करून बघायचं ठरलं, पण अटी बदलून. पार्टीला आमच्यापैकी दोघीच हजर राहतील, होस्टेस आणि विकणारी. बाकीच्या चौघींना बोलावणंच नाही. होस्टेसने आमच्या आधीच्या कुठल्याही पार्टीला न आलेली किमान सहा माणसं जमवायची. जमली नाहीत तर पार्टी पुढे ढकलायची आणि त्याचा राग मानायचा नाही. होस्टेसवर खरेदीचं बंधन नाही, आणि रेषा गाठायला कुणी भर घालायची नाही. होस्टेसने त्या संध्याकाळी स्वतःच्या मालाचं नावही काढायचं नाही. पाहुणीचा नंबर होस्टेसकडेच राहील. पाहुणीने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर नंबर लिहून दिला तरच विकणारी तिला नंतर फोन करेल. आणि निमंत्रणातच लिहायचं की ही विक्रीची पार्टी आहे, खरेदी केलीच पाहिजे असं नाही, आणि विक्री झाल्यास होस्टेसला भेट मिळते.

निमंत्रणातल्या या शेवटच्या ओळीला मेणबत्तीवालीचा विरोध होता. तिला वाटलं, हे वाचून कुणी येणारच नाही. मला वाटतं, ज्या बाईला हे आधी माहीत असतं ती येते तेव्हा मोकळ्या मनाने येते. पण या मुद्द्यावर आमचं एकमत झालेलं नाही, नाइलाज म्हणून तिने मान्य केलं.

सगळ्यांत जड गेली ती पहिली अट. "म्हणजे मी तुझ्या पार्टीला येऊच नको?" सफाईवालीने विचारलं, आणि तिचा आवाज बदलला होता. तिच्यासाठी त्या संध्याकाळी म्हणजे मैत्रिणी होत्या, विक्री दुय्यम होती. तिचं दुखणं मला कळत होतं. मग ठरलं की महिन्यातून एकदा सहा जणींनी भेटायचं, कॅटलॉगशिवाय. पहिल्या भेटीत अवघडल्यासारखं झालं. हातात काही नसताना काय बोलायचं ते सुचेना. दुसऱ्या भेटीपासून जमलं.

आणखी एक गोष्ट सोडायला कठीण गेली. एकास एक फेड. 'मी तुझी ठेवली, आता तू माझी ठेव' हे मनातून काढायचं होतं, कारण फेड आली की सहा नवी माणसं नसतानाही पार्टी ठेवली जाते. होस्टेसला तिचं गिफ्ट मिळालं की हिशेब तिथे संपला, असं ठरवलं. दागिनेवालीला हे पटायला वेळ लागला. दोन फेऱ्यांत ती मागे राहिली होती आणि आता फेड नाही म्हणजे तिचं जुनं येणं बुडालं. म्हणून या वेळी क्रमात तिला पहिलं ठेवलं.

तिसऱ्या फेरीत सहांपैकी चार पार्ट्या झाल्या. सरासरी विक्री ६२०, सगळी बाहेरची. त्यावर विकणारीला कमिशन १५५. पहिल्या फेरीत बाहेरच्या खरेदीवर मिळालेलं कमिशन १५० होतं आणि दुसऱ्या फेरीतलं ७५. आणि या वेळी आमच्या पर्समधून इतरांच्या पार्ट्यांत काहीही गेलं नाही. रेषा गाठली ती चारांतल्या एकाच पार्टीने, त्यामुळे तीन होस्टेसना छोटं गिफ्ट मिळालं. दोन टीम लीडरनी विक्री घसरल्याबद्दल विचारणा केली. डबेवाली एका मुदतीत अ‍ॅक्टिव्ह राहू शकली नाही आणि तिचा कमिशनचा दर उतरला. याचा तिला खरोखर तोटा झाला, आणि तो नव्या अटींमुळे झाला हे मान्य केलं पाहिजे. मी तिला विचारलं की अ‍ॅक्टिव्ह राहण्यासाठी लागणारा आकडा स्वतः विकत घेऊन भरला असता तर काय हाती लागलं असतं. ती म्हणाली, "ते मला कळतं गं. पण दर उतरल्याचा मेल वाचताना कळत नाही."

न झालेल्या दोन पार्ट्यांपैकी एक सफाईवालीची होती. तिला पार्टीची गरज उरली नाही. तिच्या जुन्या गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या ऑर्डरींवर तिचं चालतं. दुसरी माझीच. डबेवालीला लहान मुलं असलेल्या सहा नव्या घरांची नावं मिळाली नाहीत आणि तिने अटीप्रमाणे पार्टी पुढे ढकलली. तिचा फोन आला तेव्हा मला थोडं लागलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही.

दागिनेवालीने तिसऱ्या फेरीनंतर काम सोडलं. पहिली पाळी मिळूनही तिची विक्री ४८० च झाली. आमच्या पाच पर्स बाजूला केल्यावर तिच्या मालाला किती मागणी आहे ते तिला पहिल्यांदा दिसलं, आणि तिने किटातला न वापरलेला माल परत घेता येईल का याची चौकशी सुरू केली. प्रसाधनवाली आणि तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं आहे, मावसबहिणीचा विषय टाळून.

चौथ्या फेरीची पहिली पार्टी माझ्याकडे आहे, मेणबत्त्यांची. नवी नावं चार झाली आहेत, दोन हवीत. परवापर्यंत मिळाली नाहीत तर मेणबत्तीवालीला फोन करून तारीख पुढे ढकलायला सांगणार आहे.